योनाची गोष्ट कोणी कशी वाचली: चार अध्यायांचा माग काढण्याची एक रीत

बायबलातल्या योना या संदेष्ट्याची गोष्ट सांगायला पाच मिनिटं पुरतात. देव योनाला म्हणतो, निनवेला जा, त्या शहराचा दुष्टपणा माझ्यापर्यंत पोचलाय, त्यांना बजाव. योना याफोच्या बंदरावर जातो आणि बरोबर उलट दिशेला, तार्शीशला जाणारं गलबत पकडतो. वादळ उठतं, चिठ्ठ्या टाकतात, चिठ्ठी त्याच्याच नावाची निघते. खलाशी नाइलाजाने त्याला समुद्रात टाकतात, मोठा मासा त्याला गिळतो आणि तीन दिवस, तीन रात्रींनी किनाऱ्यावर ओकतो. मग तो निनवेत जाऊन एक वाक्य बोलतो आणि अख्खं शहर, राजापासून गुराढोरांपर्यंत, उपास धरतं. देव शिक्षा मागे घेतो. सगळे सुटले म्हणून योना मात्र चिडतो, इतका की मरण मागतो. शेवटी एका झाडावरून देव त्याच्याशी हुज्जत घालतो. एकूण ४ अध्याय, ४८ वचनं.

एवढ्याशा मजकुरावर ज्यू आणि ख्रिस्ती वाचक दोन हजार वर्षं लिहीत, गात आणि एकमेकांशी भांडत आले आहेत. त्या वाचनांचा माग घरबसल्या कसा काढायचा, त्याची माझी रीत इथे मांडतो. उदाहरण योनाचं घेतलंय. बायबलातल्या ईयोब, रूथ, काइन-हाबेल यांच्या गोष्टींनाही हीच रीत लागू पडते.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा हा अभ्यास घेतला तेव्हा मी जाडजूड वही आणली आणि कालक्रमाने उतरवत गेलो: आधी तालमूद (ज्यू आचार्यांच्या चर्चांचा जुना संग्रह; एक बाबिली, एक येरुशलेमी), मग चर्चचे जुने आचार्य, मग राशी हा मध्ययुगीन ज्यू टीकाकार, मग ख्रिस्ती धर्मसुधारक ल्यूथर. दीड महिन्यात वही भरली आणि 'अमका असं म्हणाला, तमका तसं म्हणाला' याखेरीज हाती काही लागलं नाही. वही कालक्रमाने भरली की यादी तयार होते. गोष्टीतल्या अडलेल्या जागांप्रमाणे भरली तरच कोण कोणाला उत्तर देतोय ते दिसायला लागतं.

पायरी १. टीकाग्रंथ मिटून ठेवा, गोष्ट मोठ्याने वाचा

दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं घ्या आणि दोन्ही एका बैठकीत मोठ्याने वाचा. कान अशा गोष्टी पकडतात ज्या डोळे सोडून देतात. उदाहरणार्थ, योना सतत खाली जातो: याफोला खाली उतरतो, गलबतात उतरतो, गलबताच्या तळाशी उतरतो आणि दुसऱ्या अध्यायातल्या प्रार्थनेत डोंगरांच्या मुळांपर्यंत उतरतो. हिब्रूत चारही ठिकाणी एकच क्रियापद आहे. पुढे झोहार या ज्यू गूढग्रंथात योना म्हणजे देहात उतरलेला आत्मा आणि गलबत म्हणजे देह, असं रूपक येतं. ते आभाळातून पडलेलं नाही, हे या चार 'उतरण्यां'मुळे लगेच कळतं.

इथेच एक सूचना, नाहीतर पुढे तासन्‌तास डोकं खाजवाल. माशाने गिळण्याचं वचन बऱ्याच ख्रिस्ती प्रतींत १:१७ असतं, तर हिब्रू प्रतीत तेच २:१ असतं. त्यामुळे दुसऱ्या अध्यायावरची ज्यू टीका शोधताना आकडा एकाने पुढे धरायचा. 'सेफारिया' या संकेतस्थळावर हिब्रू मूळ, इंग्रजी भाषांतर आणि त्या-त्या वचनावरच्या जुन्या टीका फुकट मिळतात. हिब्रू येत नसलं तरी अडत नाही.

पायरी २. गोष्ट कुठे गप्प बसते ते लिहून काढा

बायबलातला निवेदक मोजकं बोलतो, आणि अर्थ लावणारे नेमके त्याच्या मौनात शिरतात. मी या जागांना खाचा म्हणतो. योनात मला मिळालेल्या मुख्य खाचा अशा:

- योना का पळाला? पहिल्या अध्यायात कारणच दिलेलं नाही.
- त्याचं निनवेतलं भाषण हिब्रूत फक्त पाच शब्दांचं. एवढ्यावर शहर कसं बदललं?
- तो पश्चात्ताप खरा होता का?
- ते झाड कोणतं?
- शेवटी योनाने काय उत्तर दिलं? पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं.

वहीत प्रत्येक खाचेला चार-पाच पानं सोडा. यापुढे जे काही वाचाल ते यापैकी कुठल्यातरी खाचेखालीच जाईल. एखादं वाचन कुठेच बसत नसेल तर तुमची एक खाच पाहायची राहिली, असं समजा.

भाषणाची खाच तर एका शब्दावर उभी आहे. 'अजून चाळीस दिवस, आणि निनवे उलटून जाईल.' 'उलटणं' म्हणजे बायबलातल्या सदोम शहरासारखं जमीनदोस्त होणं, किंवा आतून पालटणं. बाबिली तालमूदात याच शब्दावर बोट ठेवलंय: हे उलटणं बऱ्यासाठी की वाईटासाठी, हे योनालाच उमगलं नव्हतं. मराठीत 'उलटणं' आणि 'पालटणं' हे दोन शब्द शेजारीशेजारी असल्यामुळे आपल्याला ही गंमत इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळते. हिब्रू बायबलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तर चाळीसच्या जागी तीनच दिवस आहेत, आणि त्यावर ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती आचार्याला वेगळं डोकं चालवावं लागलं.

पायरी ३. गोष्ट कुठल्या दिवशी वाचतात ते पाहा

ही पायरी लोक टाळतात. माझ्या मते टीकाग्रंथांच्या आधी पंचांग बघावं.

ज्यू परंपरेत योनाचं पुस्तक योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासदिवसाच्या, दुपारच्या प्रार्थनेत वाचतात. तशी नोंद तालमूदात आहे. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, उपास सुटायला काही तास उरलेत, आणि समोर वाचलं जातंय की निनवेत गुरांनासुद्धा पाणी पाजलं नाही. त्या सभागृहात माशाचं नवल गौण ठरतं. तिथे ऐकू येतो तो पश्चात्ताप. मिश्ना या तालमूदाच्या पायाभूत ग्रंथात सार्वजनिक उपासाच्या दिवशी वडीलधाऱ्यांनी लोकांना काय सांगावं ते दिलंय: बाबांनो, निनवेकरांबद्दल 'देवाने त्यांचं गोणपाट आणि त्यांचा उपास पाहिला' असं म्हटलेलं नाही, 'देवाने त्यांची कृत्यं पाहिली' असं म्हटलंय.

आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत, म्हणजे दारं मिटण्याचा दिवस. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे हिब्रू पोथ्या नव्हत्या, तरी उपास टिकला. पुढे कोचीनकडच्या शिक्षकांकडून प्रार्थनाविधी आले आणि १९व्या शतकात मिशनऱ्यांनी केलेलं मराठी भाषांतर हाती आलं. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश सुरू झाला, असं सांगणाऱ्या या समाजात योना कसा ऐकला गेला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ख्रिस्ती बाजूला सिरियाक (पश्चिम आशियातली एक जुनी भाषा) परंपरेच्या चर्चमध्ये 'निनवेकरांचा उपास' आहे. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या तीन आठवडे आधी, तीन दिवसांचा. केरळातले संत थोमाचे ख्रिस्ती तो 'मून्नु नोंबु' म्हणून आजही पाळतात. म्हणजे पश्चात्तापाची बाजू ज्यूंची आणि पुनरुत्थानाची (येशू मेलेल्यांतून उठल्याची) ख्रिस्त्यांची, ही सोपी वाटणी टिकत नाही. पाश्चात्त्य पुस्तकंच वाचली तर ही गोष्ट नजरेतून सुटते.

पुनरुत्थानाची बाजू मात्र ख्रिस्त्यांचीच. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, योना जसा तीन दिवस माशाच्या पोटात होता, तसा मनुष्याचा पुत्र (म्हणजे तो स्वतः) पृथ्वीच्या पोटात असेल. लूकच्या शुभवर्तमानात हाच प्रसंग माशाशिवाय येतो; तिथे चिन्ह म्हणजे निनवेकरांपुढे उभा राहिलेला योना. दोन्ही उतारे शेजारीशेजारी ठेवून वाचा: मत्तय १२:३८-४१ आणि लूक ११:२९-३२. पहिल्या शतकातच एका गोष्टीची दोन वाचनं झालेली दिसतात. रोमच्या भुयारी दफनभूमींत तिसऱ्या शतकापासून भिंतींवर योना पुन्हा पुन्हा रंगवलाय: गलबत, शेपटीचं वेटोळं घातलेला समुद्री राक्षस, आणि वेलाखाली निवांत पहुडलेला योना. मेलेल्या माणसाच्या उशाशी हेच चित्र का हवं असतं, ते सांगायला नको.

पायरी ४. एक खाच धरून दोन्ही बाजू समोरासमोर वाचा

पहिली खाच घेऊ: योना का पळाला? चौथ्या अध्यायात तो स्वतः म्हणतो, तू दयाळू आहेस, शिक्षा मागे घेशील, हे मला ठाऊक होतं. पण त्याने वाईट का वाटावं?

साधारण तिसऱ्या शतकातला मेखिल्ता हा ज्यू ग्रंथ सांगतो: परकी राष्ट्रं लवकर पश्चात्ताप करतात हे योना ओळखून होता. निनवे एका हाकेत सुधारली तर वारंवार बजावूनही न ऐकणारा इस्राएल देवापुढे दोषी ठरेल. म्हणून तो देवाची वाणी जिथे येत नाही अशा परक्या मुलखात पळाला. यावर एक झकास दाखला दिलाय. याजकाचा एक नोकर पळाला आणि म्हणाला, मी स्मशानात जातो, याजकाला तिथे पाय ठेवता येत नाही. मालक म्हणाला, तुझ्यामागे पाठवायला माझ्याकडे दुसरे नोकर आहेत. ते दुसरे नोकर म्हणजे वादळ. मेखिल्ताच्या मते योनाने पित्याचा, म्हणजे देवाचा, मान सोडून पुत्राचा, म्हणजे इस्राएलचा, मान राखला. आपल्या लोकांसाठी जीव ओवाळून टाकणाऱ्यांत हा ग्रंथ इस्राएलचा नेता मोशे याच्याबरोबर योनाचं नाव घेतो. 'माझं नाव तुझ्या पुस्तकातून खोडून टाक' म्हणणारा मोशे.

आता चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमात बसून लिहिणारा जेरोम काढा. ख्रिस्ती, लॅटिनमध्ये लिहिणारा, पण हिब्रू ज्यू शिक्षकांकडून शिकलेला. योना का पळाला? जेरोम म्हणतो: राष्ट्रांचा पश्चात्ताप म्हणजे आपल्या लोकांचा नाश, हे संदेष्ट्याला कळलं होतं, निनवेच्या सुटकेचा त्याला हेवा नव्हता, स्वतःचे लोक बुडू नयेत एवढंच त्याला हवं होतं. आणि दाखला कोणाचा? पुन्हा मोशेचा. शब्दाशब्दाला मेखिल्ताचा वास येतो. पण ज्यू वाचनात जी वेदना आपल्या लोकांच्या मायेतून आली होती, ती जेरोमच्या हातात इस्राएलविरुद्धचा पुरावा होते.

त्याच शतकातल्या एफ्रेम या सिरियाक कवीच्या नावावर निनवेवरचं एक दीर्घकाव्य आहे. त्यात कृतज्ञ निनवेकर योनाला पोचवायला त्याच्या देशाच्या वेशीपर्यंत येतात; ज्या देशाने असा संदेष्टा दिला तो बघू या, म्हणतात. योना लाजून त्यांना परतवायला बघतो, कारण पलीकडे मूर्तिपूजा चाललीय हे त्याला माहीत असतं. मेखिल्तातली भीती इथे प्रत्यक्ष घडते.

वहीच्या एका पानावर ही तीन वाचनं एकाखाली एक मांडा. मुद्दा एकच, धार तीन वेळा फिरलेली.

पायरी ५. मतभेद दिसला की विचारा: शेजारी कोण राहत होतं?

निनवेचा पश्चात्ताप खरा होता का, या खाचेत तालमूदांचीच दोन तोंडं दोन दिशांना आहेत. बाबिली तालमूदात तो आदर्श आहे. कोणी चोरीची तुळई राजवाड्यात बसवली असेल, तर अख्खा वाडा पाडून ती तुळई मालकाला परत दिली, असं शमुएल हा आचार्य सांगतो.

येरुशलेमी तालमूदात रेश लाकीश हा आचार्य म्हणतो, तो पश्चात्ताप लबाडीचा होता. वासरं आत बांधली, गाई बाहेर. दोन्हीकडून हंबरडा फुटला. मग ते देवाला म्हणाले, तू आमच्यावर दया करत नाहीस तर आम्ही यांच्यावर करणार नाही. योहानान हा दुसरा आचार्य म्हणतो, हातात होतं ते परत केलं, पेटीत होतं ते तसंच ठेवलं.

एवढी कटुता कुठून आली? येरुशलेमी तालमूद रोमच्या ताब्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये घडला, आणि तिथे ख्रिस्ती उपदेशक दाराशी होते. 'निनवेचे लोक न्यायाच्या दिवशी या पिढीला दोषी ठरवतील' हे मत्तयातलं वाक्य त्यांच्या तोंडी होतं. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने निनवेचं उदाहरण ज्यूंविरुद्धच्या वादात वापरलंच होतं. तुमच्यावर रोज फेकला जाणारा दगड निनवेचा असेल, तर निनवेकर तुम्हाला फार पवित्र वाटणार नाहीत. बाबिलमधल्या ज्यूंवर हा दबाव तितका नव्हता. बऱ्याच अभ्यासकांनी फरकाचं हे कारण दिलंय, आणि मला ते पटतं.

पायरी ६. एका क्षुल्लक वस्तूचा पिच्छा पुरवा

मोठे सिद्धान्त वाचून कंटाळा आला की झाड धरा. हिब्रूत त्याचं नाव 'किकायोन', आणि अख्ख्या हिब्रू बायबलात हा शब्द याच गोष्टीत येतो. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा भोपळ्याचा वेल केला. जुन्या लॅटिन भाषांतरात तोच गेला, आणि भुयारांतल्या चित्रांत योनाच्या डोक्यावर भोपळे लोंबू लागले. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तेच ऐकलं, तेच पाहिलं.

मग जेरोमने थेट हिब्रूवरून नवं लॅटिन भाषांतर केलं आणि भोपळ्याच्या जागी 'आयव्ही' ही दुसरी वेल घातली. आजच्या लिबियातल्या त्रिपोलीत, तेव्हाच्या ओएआत, एका बिशपने ते नवं भाषांतर चर्चमध्ये वाचायला घेतलं. या शब्दावर मंडळी खवळली. ग्रीक जाणणाऱ्यांनी 'हे खोटं आहे' म्हणून गलका केला, बिशपला गावातल्या ज्यूंकडे जाऊन खात्री करावी लागली आणि शेवटी शब्द बदलावा लागला. नाहीतर चर्च रिकामं झालं असतं. ऑगस्टीनने ४०३ साली पत्र लिहून हे जेरोमला कळवलं. पुढच्या वर्षी जेरोमने उत्तर पाठवलं, तेही चिडून: मूळ शब्द तसाच ठेवला असता तर कोणाला कळला नसता, भोपळा लिहिला असता तर हिब्रूत नसलेलं लिहिलं असतं, म्हणून आधीच्या भाषांतरकारांना धरून आयव्ही केली.

गंमत अशी की जेरोमलाही आयव्ही खरी वाटत नव्हती. आपल्या टीकेत तो ते झाड वर्णन करतो: रुंद पानं, दाट सावली, आधाराशिवाय आपल्या खोडावर उभं राहणारं, काही दिवसांत झपाट्याने वाढणारं. आपल्याकडे कुठल्याही पडीक जागेत असं झाड उभं असतं. एरंड! तालमूदातही 'किक'च्या तेलाची चर्चा आहे, आणि आजच्या हिब्रूत किकायोन म्हणजे एरंडच. एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे काय, हे या वादावरून कोणालाही समजावता येईल.

आता तुमच्या घरातली मराठी बायबलं काढा आणि ४:६ उघडा. कोणतं झाड आहे? वेल असेल तर ग्रीक भाषांतराची सावली तुमच्यापर्यंत पोचलीय.

माशाचंही असंच. हिब्रूत नुसता 'मोठा मासा' आहे; देवमासा नंतरच्या भाषांतरांनी आणला. आमच्या वाचनगटात मी एकदा तोऱ्यात 'देवमासा' म्हणालो, तर रविवारच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलेल्या एका आजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, 'कुठल्या वचनात?' १९२५ साली अमेरिकेत डेटन गावी उत्क्रांती शिकवण्यावरून गाजलेल्या खटल्यात डॅरो या वकिलाने विरुद्ध बाजूच्या ब्रायनला योना आणि देवमाशावरून छेडलं, तेव्हा ब्रायननेही दुरुस्ती केली होती की तिथे मोठा मासा आहे. राशीला वेगळीच अडचण दिसली: मासा एका वचनात पुल्लिंगी, पुढच्यात स्त्रीलिंगी. म्हणून आधी ऐसपैस नराच्या पोटात योनाला प्रार्थना सुचली नाही, मग पिलांनी भरलेल्या मादीच्या पोटात चेंगरल्यावर सुचली. इब्न एझ्रा या दुसऱ्या मध्ययुगीन ज्यू टीकाकाराला असल्या तर्कांत रस नव्हता. त्याच्या लेखी तो नुसता व्याकरणाचा प्रकार.

पायरी ७. टोचणारं वाचन वगळू नका

ऑगस्टीनपासून एक धागा निघतो: योना म्हणजे इतर राष्ट्रांची सुटका न बघवणारा इस्राएल. ल्यूथरपर्यंत तो येतो, आणि १९व्या शतकातले प्रोटेस्टंट अभ्यासक त्यालाच इतिहासाचा पोशाख चढवतात: बाबिलच्या हद्दपारीनंतरच्या संकुचित ज्यूंना चपराक देण्यासाठी लिहिलेली उपरोधकथा. शाळकरी टीपांत हे अजूनही सिद्ध झाल्यासारखं छापतात.

याला ज्यू अभ्यासकांनी दिलेलं उत्तर सोपं आहे: मजकुरात बघा. इस्राएलचं नावही पुस्तकात येत नाही. परधर्मी खलाशी आणि त्यांचा तांडेल योनाला वाचवायला धडपडतात, आणि त्यांच्यासाठीच तो 'मला समुद्रात टाका' म्हणतो. मग त्याचं दुखणं काय? योनातलं ४:२ आणि बायबलातल्याच निर्गम या पुस्तकातलं ३४:६ शेजारी ठेवा. निर्गमात देव 'दया आणि सत्य यांनी भरलेला' आहे. योना तीच ओळ म्हणतो, पण 'सत्य' गाळतो आणि त्या जागी 'शिक्षा मागे घेणारा' घालतो. आणि त्याच्या बापाचं नाव अमित्तय, ज्यात हिब्रू 'सत्य' दडलेलं आहे. अपराध्याला सहज सोडणाऱ्या देवाशी न्यायासाठी भांडणारा माणूस, असं हे वाचन. निनवे ज्या अश्शूर साम्राज्यातली, त्यानेच पुढे इस्राएलचं उत्तरेचं राज्य बुडवलं, हे ठाऊक असलेल्या वाचकाला योनाचा राग मुळीच कोता वाटत नाही. मी या बाजूचा आहे, हे लपवत नाही.

पायरी ८. शेवटी कोणी काय जोडलं ते तपासा

शेवटची खाच वहीत सगळ्यात जास्त पानं खाते. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: उजवा-डावा हात न कळणारी १,२०,००० हून जास्त माणसं जिथे आहेत, त्या शहराची मला कीव येऊ नये? योना गप्प. वाचकांना हे गप्प बसणं सोसत नाही. मिद्राशात, म्हणजे बायबलावरच्या जुन्या ज्यू कथा-टीकेत, योना पालथा पडून म्हणतो, तुझं जग दयेनेच चालव. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, योना संपताच मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकाची शेवटची तीन वचनं जोडून वाचतात, ज्यांत देव सगळी पापं समुद्राच्या तळाशी फेकतो. एफ्रेमच्या काव्यात वेशीपर्यंतचा प्रवास जोडला आहे. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस उलट कापतो: त्याच्याकडे निनवेचा पश्चात्ताप नाही, झाड नाही, प्रश्नही नाही, योना भाकीत करून परत निघतो.

तुमच्या वहीत या चौघांच्या खाली मूळ वाक्यही जसंच्या तसं उतरवा. हिब्रूत ते माणसांवरही संपत नाही. त्या लाखाच्या आकड्यानंतर आणखी दोन शब्द आहेत, आणि पुस्तक तिथे थांबतं: 'आणि पुष्कळ गुरंढोरं'.